कोणता खर्च? कोणतं कर्ज?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याने जीव दिला की त्या मरणाची फाईल तयार होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ती तपासते आणि आत्महत्या ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने हे निकष घालून दिले. नापिकी झालेली असावी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज असावं, ते फेडता आलेलं नसावं, वसुलीचा तगादा असावा आणि घरात कुणाच्या तरी नावावर शेत असावं. हे सगळं जुळलं तर एक लाख रुपये मिळतात, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. २०२५ पर्यंत तरी रक्कम तेवढीच राहिली.

आर्णी तालुक्यात शिक्षिका म्हणून माझं आयुष्य गेलं. कागद वाचता येतो, अर्ज नीट लिहिता येतो, म्हणून अशा घरातल्या बायका माझ्याकडे येतात. त्यांचा प्रश्न बहुतेक एकच असतो. “मॅडम, हे कर्ज लिव्हाव का? का हे चालत नाही?” ‘हे’ म्हणजे कृषी केंद्राची बियाण्या-खताची उधारी. किंवा पोरीच्या लग्नात नातेवाइकाकडून हातउसने घेतलेले पैसे. किंवा गावात दर आठवड्याला येऊन बसणाऱ्या फायनान्सवाल्याची गटाची किस्त, जी बाईच्याच नावावर असते. दुसऱ्याचं शेत मक्त्याने केलं असेल तर मक्त्याची रक्कमही असते. ती दिल्याची पावती कुणाकडे नसते. माणूस ज्या ओझ्याखाली गेला, त्यातलं निम्म्याहून जास्त ओझं अर्जाच्या रकान्यात बसत नाही. मग ‘अपात्र’ असा शेरा येतो. त्या एका शब्दाने गावात अर्थ निघतो की शेतीचं कारण नव्हतं, दारू असेल, घरची भांडणं असतील. नवऱ्याच्या माघारी त्या बाईला हेही ऐकून घ्यावं लागतं.

याचा मला राग येतो, म्हणून लिहिते आहे. या ओझ्याबद्दल राजकारणाची भाषा खोटं बोलते अशी माझी तक्रार नाही. ती बहुतेक वेळा खरंच बोलते, पण आमच्या प्रश्नाच्या शेजारचं बोलते.

आर्णी तालुक्यातल्याच दाभडी गावाचं उदाहरण घ्या. २० मार्च २०१४ ला नरेंद्र मोदी तिथे ‘चाय पे चर्चा’साठी आले होते. उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून भाव, हे त्या निवडणुकीतलं आश्वासन आमच्या भागात घरोघरी पोचलं. ही शिफारस करणाऱ्या स्वामिनाथन आयोगाचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं, तेही ‘दीडपट भाव’ म्हणू लागले. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की असा भाव दिला तर बाजार बिघडेल. आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली.

आता हिशेब पाहू, कारण सगळी मेख ‘खर्च’ या शब्दात आहे. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये ठरला. सरकारने धरलेला खर्च ५,१४० रुपये. त्याची दीडपट बरोबर ७,७१० होते. भाषणात दीडपट म्हटलं तर ते खोटं नाही. पण या खर्चात प्रत्यक्ष खिशातून गेलेले पैसे आणि घरच्या माणसांची मजुरी एवढंच मोजलेलं आहे. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि शेतीत अडकलेल्या स्वतःच्या भांडवलाचं व्याज त्यात नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याला सर्वंकष खर्च म्हणतात, त्यात हे दोन्ही येतं, आणि शेतकरी संघटना त्याच खर्चावर दीडपट मागत आल्या आहेत. शिवाय हा आकडा देशाच्या सरासरीचा. ज्या भागात कालव्याचं पाणी आहे तिथला एकरी उतारा आणि आमच्या कोरडवाहू हलक्या जमिनीतला उतारा यांत मोठा फरक आहे. एकरी खर्च तेवढाच झाला आणि कापूस कमी निघाला, तर क्विंटलमागचा खर्च वाढतो. हे कोणत्याही शेतकरी बाईला बोटांवर मोजता येतं.

आणि हमीभाव हातात पडतो तो खरेदी केंद्रावर. तिथे कापसात बारा टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. दसऱ्यानंतर पहिला वेचा येतो तेव्हा बोंडं ओली असतात, दिवाळी तोंडावर असते, वेचणाऱ्या बायांची मजुरी द्यायची असते. मग माल दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला जातो, त्याच्या भावाने, त्याच्या काट्यावर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने आयात कापसावरचं अकरा टक्के शुल्क काढलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकी आमच्या वेचणीच्या हंगामात. ते वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून जाहीर झालं. तो दिलासा कुणाच्या घरातून निघाला, हे त्या घोषणेत कुठेच नव्हतं.

२०१७ चा पावसाळा आठवला की अजून अंगावर काटा येतो. फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. त्यानंतर भाषणांत आणि परिपत्रकांत मास्क, हातमोजे, जनजागृती हेच शब्द होते. ते आवश्यकच आहेत. पण त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. बोंडअळी बीटी बियाण्याला दाद देत नव्हती, म्हणून फवारण्या वाढल्या होत्या. आणि पंप पाठीवर घेणारे कितीतरी जण रोजाने दुसऱ्याच्या शेतात गेलेले मजूर होते. काळजी घेतली नाही असं म्हटलं की दोष मेलेल्याच्या अंगावर जातो, बियाणं आणि औषध विकणारा सुटतो.

त्याच वर्षीच्या जूनमधली कर्जमाफी ‘सरसकट’ होती, पण ‘तत्त्वतः’ आणि ‘निकषांसह’. दीड लाखापर्यंत माफी, त्यावर कर्ज असेल तर वरची रक्कम आधी भरा, अर्ज ऑनलाइन. गावात त्याचा अर्थ सेतू केंद्रासमोरची रांग असा झाला.

हल्लीचा शब्द ‘सातबारा कोरा’. जुलै २०२५ मध्ये शेतकरी नेते बच्चू कडूंनी याच मागणीसाठी अमरावती जिल्ह्यातल्या पापळहून महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणपर्यंत पदयात्रा काढली. चिलगव्हाण हे शेतकरी साहेबराव करपे यांचं गाव. वीजबिल थकलं, वीज तोडली गेली, पीक वाळलं. १९ मार्च १९८६ ला त्यांनी पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. त्या गावात जाऊन मागणी करणं मला मनापासून योग्य वाटतं. तरी सातबाऱ्यावर बोजा चढतो तो बँकेचा आणि सोसायटीचा. कृषी केंद्राची उधारी, फायनान्सची किस्त, गहाण पडलेले मणी तिथे कधीच लिहिलेले नसतात. सातबारा उद्या खरोखर कोरा झाला, तरी माझ्याकडे येणाऱ्या बायांच्या पिशवीतली उधारीची वही तशीच भरलेली राहील.

ऑक्टोबर २०२५ अखेर याच मागणीसाठी नागपुरात झालेल्या आंदोलनानंतर राज्य सरकारने कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ असं सांगितलं. ही तारीख ऐकून आमच्या गल्लीतल्या एका बाईने विचारलं, “मॅडम, मंग मार्चले पैसे भराव का नाई?” ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरलं तर व्याजाची सवलत मिळते आणि नवं-जुनं होऊन पेरणीला पैसा मिळतो. माफीच्या आशेने थांबलं तर माणूस थकबाकीदार होतो आणि मे-जूनमध्ये बँक दारात उभं करत नाही. भरलं आणि नंतर माफी फक्त थकबाकीदारांनाच मिळाली, तर भरणारा पस्तावतो. पेरणी मृगात, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. गावात सभा होईल तेव्हा पुढाऱ्याला हाच प्रश्न तारखांसकट विचारायचा, असं आम्ही ठरवलं आहे. माइक मिळाला नाही तर कागदावर लिहून देऊ, आणि पोच घेऊ.