शटर उचकटल्यानंतरची सकाळ

दुकान फोडणारे कुलपाच्या नादी क्वचितच लागतात. रोलिंग शटरला कुलपं असतात दोन टोकांना. मधला सगळा पत्रा खालच्या पट्टीसकट मोकळा. मध्यभागी कटावणी घालून दोघांनी जोर लावला की पट्टी वाकते आणि एक सडपातळ माणूस आत सरकेल एवढी फट पडते. ‘शटर उचकटून चोरी’ म्हणतात ती ही. जमिनीत गाडलेल्या कडीला अडकणारं मधलं कुलूप लावलं तर हे काम बरंच अवघड होतं. पण गाळा भाड्याचा असेल तर फरशी फोडायला मालकाची परवानगी लागते, आणि ती मागायची आठवण चोरी झाल्यावरच होते.

यात शहर काय करू शकतं? आधी हे लक्षात घ्यायला हवं की आपल्याकडे ‘शहर’ म्हणजे दोन वेगळे कारभार. पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, दिवे महापालिकेचे. रस्त्यावर दिवाबत्ती करणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. कोणता खांब बंद आहे हे गस्तीवरच्या बीट मार्शलला पाठ असतं, पण ते पालिकेच्या विद्युत विभागाला सांगणं त्याच्या कामात मोडत नाही. पोलीस ठाण्याची घरफोड्यांची यादी आणि प्रभागातल्या बंद दिव्यांची यादी महिन्यातून एकदा एका टेबलावर आली, तरी नव्या कॅमेऱ्यांच्या निविदेपेक्षा जास्त काम होईल, असं माझं मत आहे.

आता प्रत्यक्ष सकाळ. दुकानदाराने 112 ला फोन करायचा आणि आत पाऊल ठेवायचं नाही. गल्ला उचकलेला दिसत असतो, हात शिवशिवतात, पण ठसे तिथेच असतात. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 आणि 331 खाली नोंदवला जातो. चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला 14 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 176 सांगतं. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. तरतूद चांगलीच आहे. मात्र ठसेतज्ज्ञ येऊन पंचनामा होईपर्यंत दुकान बंद. मोठ्या शोरूमला एका दिवसाने फरक पडत नाही. दूध-ब्रेडवर चालणाऱ्या किराणावाल्याचा मालच नासतो. पथक किती वाजता येईल एवढं ठाण्याने फोनवर सांगितलं तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो.

चित्रणाचीही अशीच अडचण. सराईत चोर जाताना डीव्हीआरच उचलून नेतात, म्हणून शेजारच्या दुकानाचा कॅमेरा कामाला येतो. पण ते चित्रण न्यायालयात टिकायला साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि कोर्टाचं नाव काढलं की शेजारी मागे सरतो. प्रमाणपत्राचा नमुना ठाण्यानेच पुढे केला आणि भरायला मदत केली, तर त्याची भीती बरीच कमी होईल.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, हा हक्क आहे. तक्रार ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत सही करावी लागते. तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत कळवायचं असतं.

खरी दमछाक पुढे होते. ‘दुकानाचा विमा आहे’ असं सांगणाऱ्या अनेकांकडे प्रत्यक्षात आगीची पॉलिसी असते. 2021 पासून छोट्या उद्योगांसाठी असलेली ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ घ्या. तिच्यात चोरी येते ती फक्त आग, पूर यांसारख्या घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेली. नुसतं शटर फोडून झालेल्या चोरीला घरफोडीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते असलं तरी विमा कंपनी बहुधा पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, याला आपल्याकडे ‘अ’ समरी म्हणतात. ती हातात येईपर्यंत दावा अडून राहतो. शिवाय चोरीस गेलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट कलम 17(5) नुसार परत करावं लागतं. चोर माल नेतो आणि वर करही आपणच भरायचा! हे दुकानदाराला कळतं ते सीएकडे गेल्यावर. पालिकेच्या प्रभाग कार्यालयात एक माहितीपत्रक ठेवलं, तर तिथला कारकूनही हे समजावू शकेल.

माल सापडलाच तर तो मुद्देमाल होतो. छायाचित्रं काढून, बंधपत्र घेऊन तो लवकर परत करावा, ठाण्यात पंधरा दिवस ते फार तर महिन्यापेक्षा जास्त ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलं आहे. तरी अर्ज करावाच लागतो, तारखा पडतातच. जानेवारीतल्या पोलीस रेझिंग डेच्या सप्ताहात मुद्देमाल परत करण्याचे कार्यक्रम होतात, फोटोही छापून येतात. दुकानदाराला मात्र भांडवल कार्यक्रमाच्या तारखेला नव्हे, त्याच आठवड्यात हवं असतं.

आणि वाकलेलं शटर? त्याला लागतो वेल्डर आणि रोख पैसे. सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटल या अमेरिकी शहरांनी गेल्या काही वर्षांत नेमकं हेच ओळखून फुटलेल्या काचा-दारांच्या दुरुस्तीसाठी छोट्या दुकानांना दोन हजार डॉलरपर्यंत अनुदान दिलं. चोर सापडण्याशी त्याचा संबंध नाही. नुकसान झाल्याचा पुरावा आणि दुरुस्तीचा खर्च दाखवायचा. आपल्या पालिकांनी प्रभागनिहाय असा लहानसा निधी ठेवला तर कागद तीनच लागतील: एफआयआरची प्रत, वेल्डरची पावती आणि छोट्या दुकानाला 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने द्यावी लागते त्या ऑनलाइन सूचनेची पोच. तिन्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जमतात, ‘अ’ समरीची वाट न पाहता.