तुरीची परीक्षा

आपल्या घरीं नित्य शिजणारें वरण ज्या तुरीचें, तिला संस्कृतांत आढकी किंवा तुवरी म्हणतात. अमरावती-अकोल्याकडील काळ्या रानांत ही तूर जोमानें वाढते. परंतु ऐन फुलोऱ्यांत व शेंगा धरतांना, जमिनींत ओल असूनहि कित्येक झाडें माना टाकतात. शेतकरी ह्यास ‘मर’ म्हणतो. बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा हें त्याचें बाह्य लक्षण. साल सोलल्यास आंत काळ्या रेघा दिसतात. जमिनींतील एक बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नलिका कोंडते. बटलर यांनी १९१० सालीं तिचें सविस्तर वर्णन केलें. पीक काढल्यावरहि ती मुळांच्या अवशेषांत कांहीं वर्षें तग धरते.

अशा शत्रूवर प्रमुख उपाय : मुळांतच चिवट असें वाण शोधणें. अमेरिकेंत कापसाच्या मरीवर ऑर्टन यांनी १९०० च्या सुमारास, रोगट शेतांत वांचलेल्या झाडांचेंच बीं पुढें पेरून हा मार्ग दाखविला. तुरीकरितांहि शास्त्रज्ञ मुद्दाम आजारी जमीन राखतात. मेलेल्या झाडांचे तुकडे तींत मिसळावयाचे, लवकर बळी पडणारी तूर पुनःपुन्हां पेरावयाची, आणि जमीन सर्वत्र सारखी रोगट झाली म्हणजे नवीं वाणें लावावयाचीं. मधून मधून त्या दुबळ्या तुरीची ओळ असतेच. ती मेली नाहीं, तर शेजारचें वाण वांचलें ह्यास कांहींच अर्थ नाहीं. परीक्षकाचीच ही परीक्षा होय!

तुरीचा दुसरा वैरी वांझ रोग. ह्यांत झाड हिरवें राहतें, पण फुलत नाहीं. त्याचें कारण विषाणु असून तो जमिनींतून नव्हे, तर सूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरतो. १९७६ सालीं नेने व रेड्डी यांनी सोपी युक्ति प्रसिद्ध केली : कोवळ्या रोपाच्या पानावर रोगट पान टांचावयाचें, म्हणजे कोळी आपण होऊन नव्या पानावर उतरतात.

अशा कसोट्यांतूनच महाराष्ट्रांतील गांवरान तुरीपासून निवडलेलें ‘मारुती’ हें मरप्रतिकारक वाण १९८६ सालीं कर्नाटकांत प्रसारित झालें. बदनापूरच्या ‘बीएसएमआर ७३६’ व ‘८५३’ ह्या वाणांनीं दोन्ही रोगांस तोंड दिलें.

तथापि एकदां उत्तीर्ण झालेलें वाण सर्वत्र व सदैव टिकेलच असें नाहीं. बुरशीचे प्रकार स्थलपरत्वें निराळे असतात. यास्तव एकाच वाणाची परीक्षा अनेक ठिकाणीं घ्यावी लागते. आपले पूर्वज ज्वारींत तूर पेरीत. ज्वारीच्या सोबतीनें मर कमी होते, हें पुढें प्रयोगांनींहि दिसून आलें. आज वऱ्हाडांत ज्वारीची जागा बव्हंशीं सोयाबीननें घेतली आहे. नवें बीं अवश्य घ्यावें. पण पिकांची फेरपालट व ज्वारीची सोबत सोडूं नये. वरणाची वाटी भरलेली राहावी, एवढ्यासाठीं तरी वाचकांनीं आपल्या शेतांतील मेलेलें झाड एकदां चिरून पाहावें.