जठरातील जिवाणू आणि पक्षाघात

पर्थ येथे 1982 मध्ये बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी प्रयोगशाळेत वाढवलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करून भोवतालचे आम्ल सौम्य करतो आणि जठराच्या श्लेष्मल थरात वर्षानुवर्षे टिकून राहतो. त्यातून उद्भवणारा दीर्घकालीन दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही बाधून धमनीकाठिण्यास, म्हणजे धमन्यांच्या भिंतींत मेदाचे थर साचण्यास, हातभार लावत असावा, असे अनुमान आहे. मेंदूकडे जाणारी अशी अरुंद धमनी गुठळीने बंद झाली की पक्षाघात होतो. कॅगए हे प्रथिन निर्माण करणाऱ्या उपप्रकारांबाबत काही अभ्यासांत हा संबंध अधिक ठळक दिसला असला, तरी कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. म्हणून जिवाणूवर उपचार घेतानाही रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे यांकडे दुर्लक्ष होता कामा नये.