द्विमार्गी माहितीबंधन

द्विमार्गी माहितीबंधन : संगणकीय अर्जाच्या रकान्यात दिसणारे मूल्य व प्रणालीच्या स्मृतीतील मूल्य यांपैकी एक बदलताच दुसरेही आपोआप बदलावे, अशा जोडणीस द्विमार्गी माहितीबंधन किंवा ‘टू-वे डेटा बाइंडिंग’ म्हणतात. वेब-अनुप्रयोगांत गूगलच्या अँग्युलरजेएस (२०१०) या आराखड्यामुळे तिचा प्रसार झाला.

ब्राउझरच्या तयार रकान्यांना ही जोडणी सहज मिळते. स्वतः रचलेल्या घटकाला मात्र ती पुरवावी लागते. उदा., अंथुर्णे (ता. इंदापूर, जि. पुणे) परिसरात शेतजमीन बोलण्यात एकर-गुंठ्यांनी मोजतात, तर सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. गुंठ्यांत आकडा घेऊन आरमध्ये साठविणारा घटक कल्पिल्यास त्याची दोन कर्तव्ये ठरतात : बाहेरून आलेले मूल्य दाखविणे आणि वापरणाऱ्याने केलेला बदल बाहेर कळविणे. अँग्युलरच्या २०१६ नंतरच्या आवृत्त्यांत यासाठी ‘कंट्रोलव्हॅल्यूॲक्सेसर’ हा करार आहे. व्ह्यू ३ (२०२०) मध्ये मूल्य ‘मॉडेलव्हॅल्यू’ या नावाने घटकात येते व बदल घटनेद्वारे परत जातो. रिॲक्टमध्ये (२०१३) माहिती वरून खाली एकाच दिशेने वाहते; परतीचा मार्ग लेखकाने उघडपणे लिहावयाचा असतो, व मोठ्या अर्जांत हे बंधन हितकारकच ठरते.

दुसरे कर्तव्य राहून गेल्यास पडद्यावर २० गुंठे दिसतात, परंतु साठ्यात जुनाच आकडा राहतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो अधिक घातक होय. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद करू लागला. अशा नोंदीवर पीकविमा व नुकसानभरपाई अवलंबून असल्याने क्षेत्राचा चुकीचा आकडा थेट त्याच्या पदरात पडतो.

याउलट घटकाने बाहेरून आलेले मूल्यही ‘बदल’ म्हणून परत कळविल्यास प्रतिध्वनी निर्माण होतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौ. मी., अर्थात १.०१ आर. साठा पूर्ण आरमध्येच असेल, तर लिहिलेले १० गुंठे १० आर होतात आणि परतताना ९.८८ गुंठे होऊन उमटतात. लिहिणाऱ्याचा आकडा त्याच्या डोळ्यांदेखत बदलतो. यासाठी क्षेत्र चौरस मीटरमध्ये साठवावे, मूळ लिखित मजकूर घटकातच जपावा आणि केवळ वापरणाऱ्याच्या कृतीनंतरच बदल कळवावा. दशांशचिन्हानंतरचा अंक लिहिला जाण्यापूर्वी रूपांतर करू नये. रकाना सोडल्यावर ते करणे इष्ट.