तांदळाच्या कागदातला मासा

आपल्या छत्रपती संभाजीनगरहून समुद्र पुष्कळ लांब. त्यामुळे मासा म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते मुंबईचं पापलेट, नाहीतर मालवणची सुरमई. पण ताजा मासा आहे आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, पैठणच्या नाथसागरात. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण. पाणी अडवलं ते प्रामुख्याने शेतीसाठी. पण त्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांचीही चूल पेटू लागली. रोहू, कटला, मरळ, शिंगाडा, वाम हे मासे तिथून आपल्या बाजारात येतात.

तरीही बरेच जण या माशांना नाक मुरडतात. तक्रारी दोन. एक, चिखलाचा वास. दुसरी, काटे. पहिलीवर उपाय लिंबू. हा वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते आंबटापुढे टिकत नाही. दुसरीवर उपाय निवडीचा. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक काटे असतात. मरळ आणि शिंगाड्यात ते जवळपास नसतातच. मुलांसाठी हेच मासे घ्यावेत आणि मधला काटा विक्रेत्याकडूनच काढून घ्यावा.

आता कृती. ती आहे व्हिएतनामी धर्तीची; मासा राइस पेपरमध्ये गुंडाळून कुरकुरीत करण्याची. नावाने बिचकू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात सालपापड्या घालतात, त्या आठवा. तांदळाचं पातळ पीठ ताटलीवर पसरायचं, वाफवायचं, सोलून उन्हात वाळवायचं. व्हिएतनाममध्ये उकळत्या पाण्याच्या भांड्यावर कापड ताणून त्यावर पीठ पसरतात आणि वाफवलेली चकती बांबूच्या चटईवर वाळवतात. कोरड्या राइस पेपरवर चटईची नक्षी दिसते, ती त्यामुळे. म्हणजे नात्याने ही आपल्या सालपापडीची बहीणच. मोठ्या किराणा दुकानांत हे कागद मिळतात.

चार माणसांसाठी अर्धा किलो बिनकाट्याचा मासा घ्यावा. त्याचे दोन बोटं रुंद असे आठ तुकडे करावेत. आलं, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर वाटून त्यात एका लिंबाचा रस आणि चमचाभर सोया सॉस घालावा. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ बेताने. हे वाटण माशाला चोळून पंधरा मिनिटं ठेवावं. मग तुकडे स्वच्छ फडक्याने हलकेच टिपून घ्यावेत. ही पायरी गाळू नका. कुरकुरीतपणाचा शत्रू एकच, पाणी.

पसरट ताटात साधं पाणी घेऊन वीतभर रुंदीचा एक कागद दोन-तीन सेकंदच बुडवावा. तो कडकच वाटेल. तसाच ओलसर ताटलीवर ठेवावा. अर्ध्या मिनिटात आपोआप मऊ होतो. जास्त भिजवलात तर लगदा होईल. मधोमध तुकडा ठेवून चारी बाजू पाकिटासारख्या घडी कराव्यात. त्यावर दुसरा कागद तसाच गुंडाळावा. एकच कागद माशाच्या ओलाव्याने फाटतो. पाकिटं तेलाचा हात लावलेल्या ताटात सुटी सुटी ठेवून दहा मिनिटं सुकू द्यावीत. ओली टाकली तर तेल उडतं.

पसरट तव्यात तीन-चार चमचे तेल तापवून मध्यम आचेवर पाकिटं दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं तळावीत. एकमेकांना लागू देऊ नयेत, लगेच चिकटतात. खालची बाजू स्वतःहून सुटेपर्यंत उलटू नये. भज्यांसारखा लालसर रंग यायची वाट पाहू नका. तांदळाच्या या कागदात प्रथिनं नगण्य, म्हणून तो फिकटच राहतो. कडक झाल्याचा आवाज झाऱ्याने टकटक करून ऐकावा. एक पाकीट मोडून पाहावं; आतला मासा पांढरा होऊन पाकळ्या सुटल्या, की झाला.

यामागचं कारण साधं आहे. कागदातला तांदूळ आधीच वाफवलेला असतो. गरम तेलात त्यातलं पाणी उडून जातं आणि तो काचेसारखा ठिसूळ होतो. आत मासा मात्र स्वतःच्याच वाफेवर शिजतो, म्हणून कोरडा पडत नाही. पारशी मंडळी पात्रानी मच्छी केळीच्या पानात गुंडाळतात, त्यातही वाफ अशीच कोंडलेली असते. फरक इतकाच, की तिथलं पान टाकून द्यायचं, इथलं वेष्टन खायचं.

सोबत चटणी. लिंबूरस, किसलेला गूळ, ठेचलेला लसूण, मिरची आणि थोडं कोमट पाणी. वरून भाजक्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट. व्हिएतनाममध्येही शेंगदाण्याचा कूट अनेक पदार्थांवर पेरतात.

पाकिटं मात्र तव्यावरून थेट पानात वाढावीत. झाकून ठेवली तर दहा मिनिटांत मऊ पडतात. पुढच्या रविवारी पापलेट महाग म्हणून बाजारातून रिकाम्या हाताने परतू नका. शेजारच्या टोपलीतली मरळ एकदा विचारून पाहा. आपल्याच गोदावरीची आहे ती.