रस्ता आणि कॅमेरा (लेखांक ६) : उत्तरेकडे उतरणारा धारूरचा घाट

मागच्या आठवड्यात आपण दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला गेलो. वाशिष्ठीच्या मुखाशी बोट हलते, पाणी हलतं, म्हणून तिथे शटरचा वेग वाढवावा लागला. या वेळी मराठवाड्यात येऊ. बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या घाटात डोंगर आणि रस्ता जागचे हलत नाहीत, तिथे सांभाळायचा असतो तो उजेड.

बालाघाटाचं पठार धारूरजवळ संपतं आणि रस्ता तेलगाव-माजलगावकडे, गोदावरीच्या खोऱ्यात उतरू लागतो. ही उतरण उत्तरेकडची आहे, आणि फोटो कधी काढायचा हे त्यावरूनच ठरतं. डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो. डोंगर मध्ये येतो, सकाळचं कोवळं ऊन उतारावर पोचतच नाही. पायथ्याहून वर पाहत फोटो काढला तर सूर्य समोर येतो, कडा काळाठिक्कर पडतो आणि आकाश पांढरं फटक. हिवाळ्यात म्हणून वरच्या वळणावर उभं राहून खाली खोऱ्याकडे पाहावं. ऊन पाठीशी राहतं.

जूनमध्ये हेच उलटं होतं. सूर्य पूर्वेच्या तितकाच उत्तरेला उगवतो, मावळतोही उत्तरेकडे कलून. धारूर १९ अंश अक्षांशाच्या जरा खाली असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलै सरेपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. पण जूनमध्ये डोंगर अजून करडाच असतो. हिरवा होतो तो पाऊस मुरल्यावर. उगवता सूर्य २३ सप्टेंबरच्या सुमारापर्यंत उत्तरेकडे कललेला राहतो. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर, सकाळी सूर्य वर आल्यावरचा पहिला तास. पावसाने हवेतली धूळ बसलेली असते, खोऱ्यातली शेतं लांबवर स्वच्छ दिसतात.

भिजलेला काळा बेसाल्ट कॅमेऱ्याला फसवतो. एवढा काळोख पाहून कॅमेरा चित्र उजळ करू पाहतो आणि खडक राखाडी होतो. उजेड थोडा कमी करावा. मोबाइलवर पडद्याला बोट लावून ते खाली सरकवलं की झालं. मग लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर पायऱ्यांसारखे उठून दिसतात. वळणं एकमेकांत गुंतलेली दाखवायची असतील तर जवळ जाऊ नका. लांब उभे राहा आणि मोठ्या भिंगाने टिपा. दूरवरून पाहिलं की पुढच्या-मागच्या वळणांच्या आकारातला फरक कमी होतो, म्हणून ती चित्रात जवळजवळ येतात. भिंग फक्त तेवढा भाग कापून मोठा करतं.

उंचावरून पाहायचं तर धारूरचा किल्ला आहेच. आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने तो १५६७च्या सुमारास बांधला. तीन बाजूंना खोल दरी, गावाच्या बाजूला खंदक. कोरडी दरी आणि तटबंदी एका चौकटीत घेतली की ही जागा का निवडली ते वेगळं सांगावं लागत नाही.

नुसत्या डोंगराच्या फोटोंत मात्र धारूर अर्धंच येतं. पावसाळा संपता संपता इथे सीताफळं येतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ‘धारूर-६’ नावाचं वाणच या गावाचं आहे. दसरा-दिवाळीनंतर याच भागातली माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ट्रकमध्ये पाण्याच्या टाक्या, भांडी, शेरडं, आणि त्या सगळ्यावर बसलेली लेकरं. हे दृश्य रंगीत दिसतं, म्हणून हात आपसूक कॅमेऱ्याकडे जातो. अशा वेळी आधी उतरून बोलावं, कुठे निघालात, कधी परतणार ते विचारावं, हो म्हणाले तरच फोटो घ्यावा. घर सोडून चाललेल्या माणसाला चालत्या गाडीच्या काचेतून टिपणं मला पटत नाही.

घाटाचा रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत आणि उसाच्या भरल्या गाड्यांना एकदम ब्रेक लावता येत नाही. वळणावर गाडी थांबवू नका. वर किंवा खाली रुंद जागा पाहून ती लावा, मग कडेकडेने चालत या.