वेलांटीपाशी अडलेली मुले

मराठी लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते. तिचा उच्चार मात्र अक्षरानंतर होतो. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण त्याचा 'र्' त्या अक्षराच्या आधी उच्चारला जातो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतील भेद एका लहानशा वळणाचा. बहुतेक मुले पहिली-दुसरीत हे सारे नकळत आत्मसात करतात. काही मुलांना मात्र चौथी-पाचवीपर्यंतही ते साधत नाही. तोंडी विचारले असता हीच मुले चटकन उत्तर देतात, ऐकलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलांसह सांगतात. वहीत मात्र 'कमळ'चे 'मकळ' होते आणि घरात ठरलेला निवाडा दिला जातो : मुलगा आळशी आहे, त्याचे लक्ष नाही.

हा दोष दृष्टीचा नव्हे आणि बुद्धीचाही नव्हे. कानी पडलेला ध्वनी आणि डोळ्यांपुढील अक्षर यांची सांगड मेंदूत सहजपणे बसत नाही, हे त्याचे मुख्य कारण. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशाच एका १४ वर्षांच्या मुलाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्याकडे अजून छडीची भाषा पुरती सुटलेली नाही.

वाचनातील अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातील डिस्ग्राफिया आणि गणनातील डिस्कॅल्क्युलिया. गणनाच्या बाबतीत आपली भाषाही थोडी कठोरच आहे. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन आधी. 'एकोणतीस' हा शब्द तिसाचे नाव घेतो, पण आकडा दोनाने सुरू होतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात 'वीस पाच' अशी जोड वाचनपद्धती दिली गेली, तेव्हा मोठा गदारोळ उठला. विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगितली होती. थट्टा करणाऱ्यांनी या मुलांच्या वह्या एकदा पाहिल्या असत्या, तर बरे झाले असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. अशी मुले शक्य तितक्या लवकर ओळखणे हे शाळेचे कर्तव्य ठरले. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ, लेखनिक, गणनयंत्र अशा सवलती मिळू शकतात. मात्र प्रत्येक सवलत डोळे मिटून घेऊ नये. दहावीला खालच्या इयत्तेचे अंकगणित निवडले, तर पुढे विज्ञान शाखेची वाट अरुंद होते. तो निर्णय मुलाला विश्वासात घेऊनच व्हावा.

खरी अडचण कायद्यात नसून घरात आहे. 'दिव्यांग' हा शब्द दाखल्यावर आला तर उद्या स्थळे पाहताना काय सांगायचे, या धास्तीने कित्येक कुटुंबे तपासणी टाळतात आणि मूल नववी-दहावीत पोहोचल्यावर धावपळ करतात. तोवर 'मला काही येत नाही' ही समजूत मुलाच्या मनात पक्की झालेली असते. ती पुसणे वेलांटी शिकवण्याहून फार अवघड असते. शिवाय नुसत्या दाखल्याने वाचन सुधारत नाही. त्यासाठी विशेष शिक्षकाकडून नियमित उपचारात्मक अध्यापन हवे.

वर्गात करण्याजोग्या गोष्टींना खर्च फारसा नाही. अशा मुलाला अचानक उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये. फळ्यावरचे उतरवून घेण्यास अधिक अवधी द्यावा, उत्तर तोंडी ऐकावे, इतिहासाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. अक्षर वाळूत बोटाने गिरवताना त्याचा ध्वनी मोठ्याने उच्चारून घ्यावा. घरी आजी-आजोबांनी रोज पंधरा मिनिटे धडा वाचून दाखवला, तरी मुलाचे विषयज्ञान मागे पडत नाही.

तपासणी साधारण आठव्या वर्षापासून करता येते. मुंबईत शीव, केईएम, नायर यांसारख्या रुग्णालयांत ती होते. इतरत्र शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यंक, त्यानंतर वाचन, लेखन व गणन. हे एका भेटीत आटोपत नाही. शाळेचे पत्र आणि प्रगतिपुस्तके सोबत न्यावीत. मागील दोन-तीन वर्षांच्या वह्या रद्दीत घालू नयेत. मूल नेमके कोठे अडते, हे तज्ज्ञांना त्यांतूनच दिसते.